शेवटच्या तासाचे मजूर



मुक्ताईनगरकडून येणारा रस्ता आमच्या इच्छापुरावरून बऱ्हाणपूरला जातो. 25 मार्च 2020 पासून टाळेबंदी लागली आणि पुढे कित्येक दिवस या रस्त्याने माणसे पायी घरी निघाली. मंडळीतले आम्ही काही जण त्यांना पाणी आणि भाकरी देत होतो. एकाने भाकरी हातात घेऊन विचारले, "भैया, यहाँ केले के बगीचे में कुछ काम मिलेगा?" आम्ही खाली पाहिले.

8 मे रोजी बातमी आली. मध्य प्रदेशातले 16 मजूर जालन्याहून भुसावळला गाडी मिळेल या आशेने चालत निघाले होते. थकून करमाडजवळ रुळांवरच झोपले आणि मालगाडीखाली गेले. त्यांच्या पोळ्या रुळांवर पसरलेल्या साऱ्या देशाने पाहिल्या.

रोग गरीब-श्रीमंत पाहत नाही, असे आम्ही प्रार्थनेत म्हणत असू. पण ज्याचा पगार बँकेत जमा होत होता तो घरी बसू शकला. ज्याची मजुरी संध्याकाळी हातात पडे, त्याची चूल त्याच आठवड्यात थंडावली. सरकारने माणशी 5 किलो धान्य मोफत दिले, पण कित्येकांचे रेशनकार्ड गावी आणि ते परमुलखात. जागतिक बँकेच्या अंदाजाप्रमाणे त्या एका वर्षात जगातले सुमारे 7 कोटी लोक अतिदारिद्र्यात लोटले गेले.

आणि आम्ही? धुणीभांडी करणाऱ्या मावशींना आम्ही "येऊ नका" म्हटले आणि एप्रिलचा अर्धाच पगार दिला. काम अर्धे, म्हणून पैसे अर्धे. हिशेब चोख होता.

मग एका संध्याकाळी घरच्या उपासनेत मत्तय 20 वाचला. दिवस मावळायला आला तरी काही मजूर चौकात उभेच होते, कारण कोणी त्यांना कामाला लावलेच नव्हते. द्राक्षमळ्याच्या धन्याने त्यांनाही पूर्ण दिवसाची मजुरी दिली. हा दाखला आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. त्या दिवशी कळले, तास थोडे भरले म्हणून घरच्या लेकरांची भूक थोडी होत नाही.

दुसऱ्या दिवशी उरलेले पैसे घेऊन मावशींकडे गेलो आणि क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, "बरं झालं. पोरीच्या मोबाइलात रिचार्ज नव्हता, शाळा बुडत होती."

प्रियांनो, साथ सरली, पण तेव्हा काढलेली कर्जे कित्येक घरांत अजून फिटलेली नाहीत. आपल्या घरी, शेतात, दुकानात राबणारा माणूस आजारी पडला, तर त्या दिवसाची मजुरी कापण्याआधी द्राक्षमळ्याच्या धन्याला आठवू या.

प्रभू आम्हांला तसे मन देवो. आमेन.