मापकाने न मोजलेला दाब

‘निरपेक्ष’ हा शब्द शिकवताना आम्ही मराठीचे प्राध्यापक सहसा प्रेमाचे आणि सेवेचे दाखले देतो. पदार्थविज्ञानातला ‘निरपेक्ष दाब’ त्याहून निराळा. भोवतालच्या हवेची अपेक्षा न ठेवता, संपूर्ण निर्वातापासून मोजलेला, तो निरपेक्ष.

पंक्चरवाल्याचा मापक असा निरपेक्ष नसतो. तो 30 दाखवतो, तेव्हा चाकातला दाब बाहेरच्या हवेहून दर चौरस इंचाला 30 पौंडांनी अधिक असतो. नगर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 650 मीटर उंच. तिथे हवेचाच दाब साधारण साडेतेरा पौंड. बेरीज केली, तर निरपेक्ष दाब साडेत्रेचाळीसच्या घरात जातो. चाक बसले की काटा शून्यावर येतो. आत हवा असतेच, बाहेरच्याइतक्याच दाबाची.

या शून्याचा खरा अर्थ आमच्या जिल्ह्यात (2024 पासून अहिल्यानगर) विहिरीवर कळतो. उन्हाळ्यात पाणी खोल जाते आणि काठावरची मोटर ‘पाणी ओढेनाशी’ होते. मग पाचाची साडेसात अश्वशक्तीची मोटर येते, कर्जही येते. पाणी मात्र येत नाही. कारण मोटर पाणी ओढतच नाही. ती नळीतला दाब कमी करते आणि विहिरीतल्या पाण्यावर टेकलेली हवा ते पाणी नळीत वर ढकलते. मापक ज्याला शून्य म्हणतो, तोच दाब इथे राबत असतो.

त्याचे बळ मोजके आहे. समुद्रकाठी तो पाण्याचा 10.3 मीटर उंच स्तंभ तोलतो, नगरला साडेनऊ, अकोल्यातल्या 1646 मीटर उंच कळसूबाईवर जेमतेम साडेआठ. घर्षण आणि गळती वजा जाता व्यवहारात सहा-सात मीटरच हाती लागतात. नळीत पूर्ण निर्वात केला, तरी निरपेक्ष दाब शून्याखाली जात नाही. म्हणून अश्वशक्ती वाढवून ही मर्यादा हलत नाही. मोटर विहिरीत खाली उतरवावी, नाहीतर पाण्यात बुडणारी घ्यावी. ती खालून ढकलते, तिला हवेचा आधार लागत नाही.

गॅलिलिओने 1638 च्या ग्रंथात पंपाच्या या मर्यादेची नोंद केली होती; पुढे त्याचा शिष्य टॉरिचेलीने कारण ओळखले. आपल्या बोलीत मात्र ‘ओढणे’ हे क्रियापद अजून तसेच आहे. भाषेच्या माणसांनी त्याबद्दल तक्रार करू नये. सूर्यही आपल्याकडे उगवतोच. पण दुकानात मोठ्या मोटरीचे पैसे मोजण्यापूर्वी या वाक्यातला खरा कर्ता कोण, एवढे विचारायला हरकत नाही.