सोयाबीन, सोनं आणि एसआयपी

लातूर आणि नांदेड. दोन शहरं, एक हायवे आणि पैसा सांभाळण्याच्या शंभर तऱ्हा!

‘वेल्थ मॅनेजमेण्ट’ म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? बीकेसीमधली काचेची बिल्डिंग, एसीचा गारठा आणि टाय लावलेला रिलेशनशिप मॅनेजर? मग एकदा लातूर-नांदेडची ट्रिप माराच. इथे वेल्थ पोत्यांत भरलेली असते, तिला मातीचा वास येतो आणि तिचं मॅनेजमेण्ट आडत दुकानातल्या गादीवर बसून चालतं. पुण्या-मुंबईच्या ऑफिसांमध्ये या भागातून आलेले कितीतरी जण भेटतात. त्यांचा पगार इकडे, पण घरचा पैसा तिकडे. तो तिकडे नेमका कुठे आहे, हे विचारलं की मात्र बहुतेकांची गाडी अडते. तर चला, या वीकेण्डला तोच माग काढू.

सोळा रस्त्यांचा बाजार

लातूरला उतरलात की आधी गंजगोलाई गाठा. मधोमध अंबाबाईचं मंदिर, त्याभोवती गोलाकार दुमजली इमारत आणि तिला येऊन मिळणारे सोळा रस्ते. १९१७ साली, निजामाच्या राजवटीत, या इमारतीची सुरुवात झाली. आजही सोन्यापासून चपलांपर्यंत आणि मिरचीपासून गुळापर्यंत सगळं इथे मिळतं.

निजामाच्या काळात या बाजारात दोन प्रकारचे रुपये खुळखुळायचे. एक हैदराबाद संस्थानाचा ‘हाली’ आणि दुसरा ब्रिटिश इंडियाचा ‘कलदार’. सात हाली म्हणजे साधारण सहा कलदार. थोडक्यात, एक्स्चेंज रेट हा प्रकार बिझनेस चॅनलवर यायच्या कितीतरी आधी इथल्या दुकानदाराला तोंडपाठ होता. १९४१मध्ये सुरू झालेली हैदराबाद स्टेट बँक पुढे स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली. मराठवाड्यातल्या दोन-तीन पिढ्यांचे पगार, पेन्शन आणि पीककर्ज याच ‘एसबीएच’च्या पासबुकात जमा झालं. २०१७मध्ये ती स्टेट बँकेत विलीन झाली, तरी जुनी मंडळी अजूनही ‘हैदराबाद बँक’च म्हणतात.

हे झालं कागदावरचं. खरा पोर्टफोलिओ तर घरात असतो. बायकांची भिशी, दिवाळीला केलेली पाटली, शहराबाहेरच्या लेआऊटमधला एखादा प्लॉट, ओळखीच्या पतसंस्थेतली ठेव. आणि या सगळ्यांच्या वरची इन्व्हेस्टमेण्ट म्हणजे पोरगं!

नंबर लागला का?

‘लातूर पॅटर्न’ माहीत नाही असा मराठी माणूस विरळाच. राजर्षी शाहू आणि दयानंद या कॉलेजांनी गुणवत्ता यादी गाजवली आणि बघता बघता अख्खं शहर परीक्षेच्या मागे लागलं. आता सगळा फोकस ‘नीट’वर आहे. उद्योग भवनाच्या परिसरातल्या ट्यूशन एरियात संध्याकाळी चक्कर टाका. पाठीवर सॅक अडकवलेल्या मुलामुलींची नुसती जत्रा! नांदेडही यात मागे नाही. मेडिकलची सीट हे या भागातलं सगळ्यात मोठं ‘रिटर्न ऑन इन्व्हेस्टमेण्ट’. नांदेडमध्ये तर चक्क ‘डॉक्टर लेन’च आहे, दवाखान्याला लागून दवाखाना.

या मुलांभोवती एक वेगळीच इकॉनॉमी उभी राहिली. हॉस्टेल, मेस, झेरॉक्स, भाड्याच्या खोल्या. ज्यांच्याकडे शेतीचे चार पैसे जमले, त्यांनी गच्चीवर दोन खोल्या चढवल्या आणि दरमहा भाडं सुरू झालं. शेअर बाजाराच्या भाषेत याला डिव्हिडंड म्हणतात.

सगळी अंडी एकाच ढगाखाली

आता मार्केट यार्डात या. सोयाबीन, तूर आणि हरभरा यांच्यासाठी लातूर म्हणजे देशातली एक मोठी बाजारपेठ. शहरात डाळमिल आणि तेलमिलही चिक्कार. इथला भाव हा सेन्सेक्ससारखाच नाट्यमय असतो. २०२१च्या ऑगस्टमध्ये सोयाबीनने क्विंटलला दहा हजारांचा टप्पा ओलांडला. २०२४च्या सीझनला तेच सोयाबीन चार हजारांच्या आसपास विकलं गेलं, हमीभाव ४,८९२ रुपये असताना! खाद्यतेलावरचं आयात शुल्क दिल्लीत हललं की लातूरच्या सौद्यात धडधड वाढते.

आणि भावाच्याही आधी पाऊस. २०१६ची ‘जलदूत’ आठवते? एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली आणि शहर देशभर हेडलाइनमध्ये गेलं. तेव्हा बातमी पाण्याची होती, पण नीट पाहिलं तर ती पैशाचीही होती. पाऊस नाही म्हणजे पीक नाही. पीक नाही म्हणजे आडत्याचा धंदा थंड, सराफाचं दुकान ओस आणि प्लॉटला गिऱ्हाईक नाही. हॉस्टेलच्या टाकीत पाणी नसेल तर खोलीचं भाडं तरी कोण देणार? शेत, दुकान, खोल्या, प्लॉट… दिसायला चार वेगवेगळ्या गुंतवणुका, पण चौघींचं नशीब एकाच ढगाला बांधलेलं.

भक्कम दिसतं ते सगळंच सुरक्षित नसतं, हे तर या जिल्ह्याला कुणी सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. जाडजूड दगडी भिंतींचं घर म्हणजे सुबत्तेची खूण. त्याच भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या.

हायवेवरून नांदेडकडे

लातूरहून चाकूर, अहमदपूर, लोहा करत हायवे नांदेडला जातो. वाटेत लोह्याजवळ माळेगाव लागतं. हिवाळ्यात खंडोबाची यात्रा भरते तेव्हा इथे घोडे, गाढवं, उंट आणि बैलांचा मोठा बाजार असतो. एकेकाळी श्रीमंती चार पायांवर उभी राहायची, त्याचा हा लाइव्ह पुरावा. आता याच रस्त्याच्या कडेला प्लॉटिंगचे बोर्ड दिसतात. घेण्याआधी एनए ऑर्डर, मोजणीचा नकाशा आणि महारेराचा नंबर बघायचा, बरं का. बोर्डवरच्या स्विमिंग पूलकडे बघून चेक फाडायचा नाही.

नांदेडचं गणित थोडं वेगळं. इथे गोदावरी आहे, विद्यापीठ आहे, २००३पासून रेल्वेचं डिव्हिजन आहे आणि मुख्य म्हणजे सचखंड हुजूर साहिब गुरुद्वारा आहे. १७०८मध्ये गुरू गोविंदसिंगजींनी इथे देह ठेवला. त्रिशताब्दीच्या निमित्ताने २००८मध्ये शहरात सरकारी निधी आला. रस्ते, पूल, यात्री निवास आणि विमानतळाची कामं झाली. अमृतसरहून सचखंड एक्स्प्रेस भरून येते ती मराठवाड्यात पाऊस पडो न पडो. हॉटेलवाला, रिक्षावाला, प्रसादाचा दुकानदार यांची कमाई सोयाबीनच्या भावावर अडकलेली नाही. फायनान्सवाले ज्याला डायव्हर्सिफिकेशन म्हणतात, ते नांदेडला काही प्रमाणात आपोआप मिळालं. लातूरकराला मात्र ते ठरवून करावं लागेल.

ओळखीचा माणूस

मग अडचण कुठे आहे? या भागात पैसा स्कीम बघून नाही, माणूस बघून दिला जातो. पाव्हणा आहे, गाववाला आहे, आपल्याच पोराचा मित्र आहे. याच्यात ताकदही आहे. अडीनडीला आडत्या उचल देतो ती ओळखीवरच. पण २०२३मध्ये बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटच्या शाखांना कुलपं लागली आणि बँकेपेक्षा चढ्या व्याजासाठी ठेवलेल्या हजारो लोकांच्या ठेवी अडकल्या, तेव्हा या ओळखीची दुसरी बाजू दिसली. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, सहकारी बँकेतल्यासुद्धा. पतसंस्था किंवा मल्टिस्टेट सोसायटीतल्या ठेवीला ते नसतं. पाटीवर ‘अर्बन’, ‘मल्टिस्टेट’ असं काहीही असो, प्रश्न एकच विचारायचा : ही रिझर्व्ह बँकेचं लायसन्स असलेली बँक आहे का?

म्युच्युअल फंडवाल्यांनी ही पोकळी हेरली आहे. देशात एसआयपीतून महिन्याला जमणारी रक्कम डिसेंबर २०२४मध्ये पहिल्यांदा २६ हजार कोटींच्या वर गेली. सुरुवात अगदी पाचशे रुपयांतही होते. म्हणजे लातूरच्या आडत दुकानातला मुनीमही देशभरातल्या कंपन्यांचा चिमूटभर मालक होऊ शकतो आणि त्या कंपन्यांचा धंदा काही मांजराच्या पाणीपातळीवर चालत नाही. त्यांच्या भावातही चढउतार असतातच, पण ते वेगळ्या ढगाचे. एकाच ढगावर विसंबायचं नाही, मुद्दा एवढाच.

तरुणांसाठी यात करिअरही आहे. एनआयएसएमची परीक्षा द्या, ‘अ‍ॅम्फी’कडे नोंदणी करा आणि डिस्ट्रिब्युटर व्हा. फक्त लक्षात ठेवा, इथला कस्टमर अ‍ॅपवर नाही, चहावर निर्णय घेतो. मार्केट पडल्यावरही जो दारात येऊन बसेल, धंदा त्याचाच. आणि कस्टमरने काय करावं? चहा जरूर पाजावा, पण नोंदणी क्रमांकही विचारावा. ओळख आणि नोंदणी, दोन्ही हवं.

तेव्हा पुढच्या सुट्टीला घरी गेलात की बाबांसोबत अर्धा तास बसा. सातबारा, पासबुकं, पावत्या, पॉलिस्या, सगळं एका फाइलमध्ये लावा. नॉमिनी कोण आहे ते बघा. कोणती रक्कम बँकेत, कोणती पतसंस्थेत, याची यादी करा. ‘कामून रे, आताच कामून?’ असा प्रश्न येईल. पीक चांगलं आलेलं असतानाच हे काम सोपं जातं, असं सांगा.

ट्रिप प्लॅन

कसं जाल? : मुंबईहून लातूर एक्स्प्रेस. परतीला नांदेडहून तपोवन किंवा देवगिरी. ऑगस्ट २०२५पासून वंदे भारतही नांदेडपर्यंत धावते. लातूर-नांदेड प्रवासाला एसटी बेस्ट.

काय खाल? : लातूर भागात निलंगा राईस, नांदेडला गुरुद्वाऱ्यातला लंगर.

काय पाहाल? : गंजगोलाई, औशाचा किल्ला, खरोसा लेणी, कंधारचा किल्ला, सचखंड गुरुद्वारा. आणि सकाळच्या वेळी मार्केट यार्डातला सौदा. तो अजिबात चुकवू नका!