शिंपल्यांची परात

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी एखादा विस्मृतीत गेलेला डबा असतो. समुद्रकाठच्या सहलीतून मूठभर शंख-शिंपले घरी येतात, चार दिवस कौतुकाने दिवाणखान्यात मांडले जातात आणि मग पत्र्याच्या डब्यात जाऊन माळ्यावर विसावतात. भिवंडीच्या आमच्या घरात असे तीन डबे होते. गेल्या दोन वर्षांत या डब्यांनी आमच्यासाठी जे केले, ते आपल्याला सांगावेसे वाटते. घरात पक्षाघाताचा रुग्ण असेल, तर त्यातले काही आपल्याही उपयोगी पडावे.

डबे माझ्या यजमानांचे. त्यांचे सारे आयुष्य यंत्रमागाच्या कारखान्यात मेहताजी म्हणून गेले. तागा उजेडात धरण्याआधीच, नुसता हात फिरवून ताण्याचा धागा कुठे तुटला आहे ते त्यांची बोटे सांगत. पुढे त्यांनी चार मागांचा एक लहानसा गाळाही घेतला. भिवंडीला कामवारी नदी आहे, कशेळीची खाडी आहे. पण वाळूचा किनारा नाही. म्हणून सुट्टी मिळाली की आम्ही अर्नाळ्याला, केळव्याला, कधी अलिबाग-हरिहरेश्वरला जात असू. परतल्यावर ते प्रत्येक शिंपला गोड्या पाण्याने धूत, वाळवत आणि हिशेबाच्या पाठकोऱ्या चिठ्ठीवर तारीख व गाव लिहून तीत गुंडाळून ठेवत. मला हे सारे रिकामटेकडेपणाचे वाटे.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी चहाचा कप त्यांच्या उजव्या हातातून निसटला. तोंड किंचित वाकडे झाले होते, शब्द अडखळत होते. ‘थोडे पडून राहिले की बरे वाटेल’ असे म्हणून मी तासभर घालवला. ती चूक माझी. रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच द्यावे लागते आणि त्यातही प्रत्येक मिनिट मोलाचे असते, हे मला नंतर कळले. आपण ते आधीच लक्षात ठेवावे.

जीव वाचला. उजवा हात मात्र दुबळा झाला आणि वाचा गेली. मेंदूच्या डाव्या भागाला इजा झाली, तर पुष्कळदा उजव्या अंगाबरोबर भाषाही दुखावते. त्याला वाचाघात म्हणतात. यजमानांजवळ एकच शब्द उरला: ‘बरं’. पाणी हवे असले तरी ‘बरं’, दुखत असले तरी ‘बरं’. नवल असे, की एकापासून वीसपर्यंतचे आकडे मात्र मी सुरुवात करून दिली की ते ओळीने म्हणत आणि संध्याकाळी रामरक्षेच्या ओळीही माझ्या आवाजाबरोबर त्यांच्या ओठांवर येत. वाचोपचारतज्ज्ञ बाईंनी समजावले, की लहानपणापासून घोकलेले शब्द अनेकदा असे शाबूत राहतात. त्यांनी मला एक नियमही घालून दिला: ‘त्यांचा शब्द तुम्ही घाईने पुरवू नका. थांबा.’

डबे खाली आले ते दिवाळीच्या साफसफाईत. लाकडी कपाटात ठेवलेल्या तिसऱ्या डब्याचे झाकण कधीचे सैल झाले होते. त्यातल्या काही शिंपल्यांवर पांढरी भुकटी धरली होती. लाकूड आणि पुठ्ठा यांतून बाहेर पडणारी आम्लाची वाफ शिंपल्याचा चुना हळूहळू खाते. संग्राहक या विकाराला ‘बाइन’ या नावाने ओळखतात. उपाय साधा आहे: गोड्या पाण्यात धुवावे, पूर्ण वाळवावे आणि काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवावे. चमक यावी म्हणून व्हिनेगर किंवा लिंबू लावू नये. आम्लाने शिंपला विरघळतो.

मी धुतलेले शिंपले मोठ्या परातीत वाळत घातले. यजमान खुर्चीत बसून पाहत होते. थोड्या वेळाने त्यांनी डावा हात पुढे केला आणि न सांगता निवडायला सुरुवात केली. एका बाजूला पिळदार शंख, दुसऱ्या बाजूला दोन झडपांचे शिंपले. शास्त्रज्ञही पहिली वाटणी अशीच करतात: एकशिंपी आणि द्विशिंपी.

त्या दिवसापासून रोज पाच वाजता परात मांडण्याचा आमचा परिपाठ झाला. दीपक आपटे यांचे भारतीय शंख-शिंपल्यांवरचे, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९९८ मध्ये काढलेले इंग्रजी पुस्तक नातवाने मिळवून दिले. मी चित्रे पाहून नाव शोधू लागले, ते बोटांनी ढीग लावू लागले. आपल्याही घरी डबा असेल, तर ओळखीच्या काही खुणा सांगते.

शंख टोक वर आणि तोंड आपल्याकडे करून धरावा. तोंड उजवीकडे आले तर तो उजव्या पिळाचा. बहुतेक सगळे शंख असेच असतात. शिंपल्याच्या आतल्या बाजूला स्नायूंच्या जागी फिकट डाग दिसतात आणि बिजागरीशी बारीक दात असतात. त्यांवरून कूळ ठरते. आपण जेवणात खातो त्या तिसऱ्या, ज्यांना कुठे शिवल्या म्हणतात, त्या याच द्विशिंपी गटातल्या. त्यांच्या बिजागरीजवळ पुष्कळदा एक गोल, कडा घासलेले भोक असते. ते कुणा मुलीने माळेसाठी पाडलेले नसते. वाळूत राहणाऱ्या एका मांसाहारी गोगलगाईने शिंपला कोरून आतला जीव खाल्लेला असतो. कागदासारखा पातळ, अर्धपारदर्शक, चपटा आणि आत उलट्या ‘व्ही’सारखा उंचवटा असलेला शिंपला म्हणजे प्लॅक्युना, गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांत काचेऐवजी तो बसवलेला दिसतो. कवडी इतकी गुळगुळीत का, तर जिवंतपणी त्या प्राण्याचे मऊ आवरण बाहेरूनही तिला झाकून असते. मालदीवच्या समुद्रातून आलेल्या पिवळट कवड्या एके काळी आपल्याकडे चलन होत्या. ‘कवडीमोल’ हा शब्द मागे राहिला. भवानीच्या भक्तांच्या गळ्यातली माळही त्यांचीच.

यजमानांना यातले एकही नाव उच्चारता येत नसे. पण त्यांचा ढीग चुकत नसे. दोन शिंपले मला सारखे वाटत. ते डोळे मिटून कडेवरून अंगठा फिरवत आणि वेगळे करत. तागा तपासणारी ती सवय आता डाव्या हातात उतरली होती.

आता देवघरातल्या शंखाविषयी. बऱ्याच वर्षांपूर्वी आमची मुलगी दीर्घ आजारातून उठली, तेव्हा एका तीर्थक्षेत्री आम्ही ‘दक्षिणावर्ती’ शंख घेतला होता. त्याला यजमानांचा महिन्याचा पगार लागला. पूजेच्या परंपरेत शंखाची निमुळती पन्हळ वर धरतात; तशी धरल्यावर तोंड उजवीकडे आले तर तो दक्षिणावर्ती. आपल्या समुद्रातल्या खऱ्या शंखात, म्हणजे टर्बिनेला पायरममध्ये, असा उलटा पीळ अत्यंत दुर्मीळ. पण अमेरिकेच्या किनाऱ्यावरचा एक शंख मुळातच या पिळाचा असतो आणि तोच भाविकांच्या गळ्यात मारला जातो. ओळखण्याची खूण सोपी आहे: खऱ्या शंखाच्या आतल्या मधल्या खांबावर तीन-चार ठसठशीत वळ्या असतात. आमच्या शंखाचा खांब गुळगुळीत होता.

मी शंख पुसून परत ठेवला आणि त्यांना काही सांगितले नाही. आजारी माणसाला कशाला दुखवायचे, असे मनाशी म्हटले. खरे तर मी त्या वर्षभरात हेच करत आले होते. गाळा विकायचा का, याची बोलणी नातेवाईक त्यांच्यासमोर, पण त्यांना वगळून करत होते आणि मीही त्यात मान डोलावत होते.

आठवड्याने त्यांनी देवघराकडे बोट दाखवले. मी शंख आणून दिला. त्यांनी तर्जनी आत घातली, थांबले. मग परातीतला साधा, रामेश्वरहून आणलेला शंख घेऊन त्यातही बोट घातले. असे तीन-चार वेळा झाले. शेवटी त्यांनी आमचा महागाचा शंख उचलून वेगळा ठेवला आणि माझ्याकडे पाहिले.

“अहो, आपण फसलो,” मी म्हणाले.

“बरं,” ते म्हणाले. त्यात हसू होते. मग त्यांनी तो शंख माझ्या हाती देऊन पुन्हा देवघराकडे बोट दाखवले. मुलगी औषधांनी बरी झाली होती, हे आम्हाला तेव्हाही ठाऊक होते. शंख आनंदाचा होता. तो आजही तिथेच आहे.

त्या रात्री मला झोप आली नाही. ज्या माणसाला मी काही कळत नाही असे धरून चालले होते, त्याने माझ्याआधी निवाडा केला होता. दुसऱ्या दिवशी मी परातीत शिंपल्यांऐवजी दोन कागद ठेवले: एकावर ‘विकावा’, दुसऱ्यावर ‘ठेवावा’. व्यवहार सावकाश वाचून दाखवला. त्यांनी दुसऱ्या कागदावर हात ठेवला. मी कागदांच्या जागा बदलून पुन्हा विचारले. हात त्याच शब्दावर गेला. गाळा आम्ही भाड्याने दिला.

वाचाघाताच्या प्रत्येक रुग्णाचे आकलन सारखे शाबूत राहते असे नाही. ते तज्ज्ञांकडून तपासून घ्यावे. पण वाचा गेली म्हणजे समजही गेली, असे आपण घरच्यांनी परस्पर ठरवू नये.

हा उद्योग करायचा झाला तर थोडी काळजी घ्यावी. परातीखाली ओले फडके घालावे, म्हणजे एका हाताने काम करताना ती सरकत नाही. वीस मिनिटे पुरेत. थकलेल्या मेंदूला शब्द आणखी दुरावतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा मधुमेहाने बोटे बधिर झाली असतील, तर धारदार कडांचे शिंपले आधी बाजूला काढावेत. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण असेल तर लहान शिंपले देऊच नयेत, ते तोंडात जाऊ शकतात. किनाऱ्यावर शंकूच्या आकाराचा जिवंत शंख उचलू नये. त्याचा दंश विषारी असतो, काही जातींचा तर प्राणघातकही. आणि वेचायचेच तर रिकामे, तेही मोजके वेचावेत. रिकामा शंख पुढे एखाद्या खेकड्याचे घर होतो. शिवाय काही जातींना २००१ पासून वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे.

परवा एका चिठ्ठीतून तपकिरी ठिपक्यांचा छोटा शंख निघाला. मी चिठ्ठी मुठीत झाकून विचारले, “हा कुठला?” त्यांचे ओठ जुळले, सुटले. शब्द माझ्या जिभेवर होता. मी तो गिळला. घड्याळाकडे पाहिले नाही.

“केळवे,” ते म्हणाले.

मी चिठ्ठी उघडून त्यांच्यापुढे धरली. त्यांच्याच अक्षरात ‘अर्नाळा’ लिहिले होते. त्यांनी ती वाचली आणि मान हलवली.

“नाही,” ते म्हणाले.

त्या दिवसाच्या तारखेपुढे मी वहीत दोन्ही शब्द लिहून ठेवले: केळवे, नाही.