खांदेरीची बत्ती

हैदराबादच्या माणसाने दीपगृहावर लिहावे, याचे कोकणातल्या वाचकांना हसू येईल. आमच्या नशिबी समुद्र नाही. कुतुबशाहीचे बंदर होते मछलीपट्टण. १७५९ साली ते इंग्रजांनी फ्रेंचांकडून जिंकून घेतले, आणि पुढे उत्तर सरकार प्रांतही गेल्यावर निजामाच्या राज्याला किनाराच उरला नाही. उरला तो हुसैनसागर. नावाने सागर, जातीने तळे.

पण माझे वडील, अण्णा, इथल्या मराठी शाळेत भूगोल शिकवत आणि दीपगृहाचा धडा आला की त्यांच्या अंगात येई. घरी बत्ती गेली (आमच्याकडे वीज जात नाही, बत्ती जाते) की ते टॉर्च भिंतीवर धरत आणि तळव्याने झाकत-उघडत. दोन झटके आणि लांब अंधार म्हणजे खांदेरी, एकच लांब झोत म्हणजे मछलीपट्टण. आम्ही भावंडांनी ओळखायचे. त्या खुणा त्यांच्या मनच्याच होत्या, पण तत्त्व खरे होते. प्रत्येक दीपगृहाची उघडझाप वेगळी असते. खलाशी अंधारात आकडे मोजतो आणि आपण कुठे आहोत ते त्याला कळते. स्वतः अण्णांनी दीपगृह कधी पाहिले नव्हते.

निवृत्तीनंतर काचबिंदूने त्यांची नजर कडेकडेने खात आणली. मी त्यांना वाचून दाखवू लागलो. एकदा स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या ऑर्कने आणि शेटलंड बेटांविषयी वाचत होतो. तिथली दीपगृहे पाहायला लोक लांबून येतात, बोटी बदलत बेटामागून बेट करतात. त्या दोहोंच्या मधल्या फेअर आयलवरून १९९८ मध्ये शेवटचे रखवालदार उतरले आणि स्कॉटलंडमधले एकही दीपगृह माणसाच्या हाती राहिले नाही. अण्णा म्हणाले, "इतक्या लांब कशाला रे? आपली खांदेरी आहे की." मग थोडे थांबून, "अजून थोडं दिसतंय तोवर."

२०१९ च्या जानेवारीत निघालो. रेल्वेने मुंबई, गेटवेहून लाँचने मांडवा, तिथून बसने अलिबाग आणि रिक्षाने थळ. थळच्या कोळ्यांच्या होड्या खांदेरीला नेतात. पावसाळ्याचे महिने सोडून जावे, परवानगीचे आधी विचारून घ्यावे, आणि भरती-ओहोटी तांडेलावर सोपवावी. आपले घड्याळ तिथे चालत नाही. म्हाताऱ्या माणसाला होडीत चढवताना गुडघाभर पाणी लागते. मी चार वेळा "जपून" म्हणालो. तांडेलाने काही न बोलता अण्णांना उचलले आणि आत बसवले.

बेटावर शिवाजीमहाराजांनी १६७९ मध्ये तटबंदी सुरू केली, तेव्हा मुंबईकर इंग्रजांनी गलबते घेऊन वेढा घातला. काम थांबले नाही. इंग्रजांना १६८० च्या आरंभी निघून जावे लागले आणि जवळच्या उंदेरीवर सिद्दी येऊन बसला. त्याच खांदेरीवर इंग्रजांनी १८६७ मध्ये दीपगृह बांधले. आता बेटाला नाव कान्होजी आंग्र्यांचे आहे. हा हिशेब मला फार आवडतो. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत जे मराठ्यांचे बारा किल्ले गेले त्यात खांदेरी आहे, हे ऐकायला अण्णा राहिले नव्हते.

त्यांनी बेट हातांनी पाहिले. लोखंडी गाड्यावरच्या तोफेची चाके चाचपली. कोळी ज्याला वेताळ म्हणून पुजतात त्या खडकापुढे हात जोडले. एक दगड आहे, त्यावर खडा मारला की धातूसारखा वाजतो. तो त्यांनी इतक्यांदा वाजवला की तांडेल हसू लागला. मनोऱ्याचे दार बंद होते. अण्णा अष्टकोनी भिंतीला तळवा लावून हळूहळू कोन मोजत फिरले. आठ भरले तेव्हा म्हणाले, "बरोबर."

पण दिवसा पाहिलेले दीपगृह म्हणजे विझलेली चूल. आणि बेटावर रात्री राहता येत नाही. म्हणून परत थळला येऊन वाळूत बसलो. सुक्या मासळीचा वास, थंड वारा. काळोख पडला आणि समोर बत्ती लागली.

"लागली का?"

"लागली, अण्णा. समोरच."

मी त्यांची हनुवटी धरून तोंड थोडे डावीकडे वळवले. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग टॉर्चच्या खेळासारखे ओठांत आकडे मोजू लागले, आणि झोत येई त्याच क्षणी म्हणत, "आली." परत मोजणे. "आली." माझा जीव भांड्यात पडला. दिसत होते तर!

इतक्यात एक मोठी होडी किनाऱ्याला लागायला आमच्यासमोर आडवी आली. बेटही झाकले, बत्तीही. मला समोर काळी लाकडी बाजू तेवढी दिसत होती.

अण्णांचे मोजणे चालू होते. "आली," ते म्हणाले.

मी म्हणालो, "हो, आली."