होकार

‘हो’ हा शब्द उच्चारावयास जितका सोपा, तितकाच परत घ्यावयास कठीण आहे, हे आम्हांस पन्नाशी उलटल्यावर रबाळ्याच्या एका जाळीवाल्याने शिकविले.

त्याची शेड औद्योगिक वसाहतीत, रेल्वेच्या रुळांलगत. आमच्या सज्जाला लोखंडी जाळी बसवावयाची होती. तो माप घेऊन गेला आणि दोन दिवसांनी त्याने दूरध्वनीवरून सांगितले, ‘‘मजुरीसकट अठरा हजारांत करून देतो.’’ आम्ही म्हणालो, ‘‘हो, करा.’’ नेमकी त्याच क्षणी तिकडून लोकल धडधडत गेली आणि संभाषण तुटले. दुसऱ्याच दिवशी एका शेजाऱ्यांनी तेच काम चौदा हजारांत करणारा इसम सुचविला. आमच्या मनाने लागलीच आमचे वकीलपत्र घेतले: लेखी काही नाही, आगाऊ पैसे दिलेले नाहीत, आणि आपला ‘हो’ त्या गलक्यात त्याला ऐकू तरी कुठे गेला असेल! आम्ही स्वस्तातले काम पक्के केले आणि पहिल्यास काहीच कळविले नाही.

दहाव्या दिवशी तो टेम्पोतून जाळी घेऊन आला. आमच्या सज्जाला दुसरी जाळी लागलेली होती. तिच्याकडे पाहून तो एवढेच म्हणाला, ‘‘साहेब, तुम्ही हो म्हणाला होतात. मी ऐकलं होतं.’’ ‘बघू’ असे पुटपुटून आम्ही त्याला वाटेस लावले. आणि रात्री सुटकेची वाट शोधण्यासाठी कायद्याचे पुस्तक उघडले.

आपला करारविषयक कायदा १८७२ सालचा. त्याची घडण मुख्यतः इंग्रजी कायद्यावरून झालेली. एकाने प्रस्ताव मांडावा, दुसऱ्याने तो जसाच्या तसा स्वीकारावा, दोन्ही बाजूंनी मोबदला असावा, उभयता सज्ञान असावेत, संमती मोकळी व हेतू कायदेशीर असावा. एवढे जुळले की करार झाला. लेखाची सक्ती काही ठराविक व्यवहारांपुरतीच. आगाऊ रकमेचे तर नावच नाही. आमचे दोन मुद्दे तेथेच गळाले.

तिसऱ्याने मात्र आशा दाखविली. १९५५ साली इंग्लंडात न्यायमूर्ती डेनिंग ह्यांनी दाखला दिला, की नदीपलीकडच्या माणसाला ओरडून दिलेला होकार वरून जाणाऱ्या विमानाच्या आवाजात बुडाला, तर करार होत नाही. तो पुन्हा ऐकवावा लागतो. आमची लोकल म्हणजे तेच विमान! पण पुढे आमचे खामगाव आडवे आले. १९५९ साली अहमदाबादच्या एका पेढीने खामगावच्या गिरणीशी दूरध्वनीवरून सरकीच्या पेंडीचा सौदा केला. माल मिळाला नाही म्हणून अहमदाबादेस दावा लागला. करार खामगावी झाला की अहमदाबादेस, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६५ साली बहुमताने निर्णय झाला, की होकार जेथे ऐकू गेला तेथे, म्हणजे अहमदाबादेस करार झाला. न्यायमूर्ती हिदायतुल्ला ह्यांनी आपल्या कायद्याच्या शब्दांवर बोट ठेवून भिन्न मत दिले: होकार जेथे उच्चारला गेला तेथे, खामगावीच. आम्हांस दोहोंपैकी कोणतेही मत तारीना. आम्ही बोललो होतो, आणि त्याने ऐकले होते. वस्तुतः हे आम्हांस पुस्तक उघडण्यापूर्वीच ठाऊक होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्याच्या शेडवर गेलो. आमच्या सज्जाच्या मापाची ती जाळी भिंतीला टेकून उभी होती. ती दुसऱ्या कोणाच्या घराला बसणार नव्हती. आम्ही अठरा हजार पुढे केले. त्याने ते मोजले नाहीत. ‘‘लोखंड कापून खिडक्यांना वापरीन. मजुरी आणि कापाकापीचे मिळून आठ हजार द्या,’’ तो म्हणाला. नुकसान सोसणाऱ्यानेही ते शक्य तितके कमी करावे, असे कायदा सांगतो. त्याने मात्र कायदा वाचलेला नव्हता.

आम्ही ‘हो’ म्हणालो. तोच लोकल आली. ती दूर जाईपर्यंत आम्ही थांबलो, आणि मग पुन्हा एकदा, त्याला स्पष्ट ऐकू जाईल असे म्हणालो, ‘‘हो.’’