कातळातील छिद्र

उधन्यात राहणाऱ्या माणसाला यंत्रांच्या आवाजाचे अप्रूप उरत नाही. घरामागचे माग अहोरात्र खडखडत असतात आणि त्या खडखडाटातच मी दाव्यांची टिपणे लिहितो. तरीही गेल्या रविवारी अवजारांच्या एका दुकानात दोन यंत्रांचे आवाज मी साक्षीदाराची जबानी ऐकावी तसे लक्षपूर्वक ऐकले.

निमित्त माझ्या भाच्याचे. त्याला प्रस्तरारोहणाचा नाद आहे. कड्यावर दोर अडकविण्यासाठी बोल्ट ठोकायचे, त्यासाठी ड्रिल हवे. “मामा, पैसे तू दे, यंत्र मी निवडतो,” अशी त्याने कामाची वाटणी केली होती.

“वकीलसाहेब, हेच घ्या, स्वस्त आहे,” म्हणत दुकानदाराने साधे हॅमर ड्रिल पुढे केले. त्यात दातेरी चकत्या एकमेकींवर घासून बारीक ठोके देतात. विटांच्या भिंतीला ते पुरते. सह्याद्रीच्या काळ्या कातळात मात्र मागून अंगाचा भार द्यावा लागतो. दुसरे रोटरी हॅमर. त्यात दट्ट्या हवा दाबतो आणि ती दाबलेली हवा आतला घण हाणते; हाताने फारसे रेटावे लागत नाही. दोरावर लोंबकळणाऱ्याला रेटा द्यायला पायाखाली जमीन कुठे असते? निवाडा तिथेच झाला. याहून दणकट यंत्रही होते. पण डोक्यावर हात करून जे पेलवत नाही, त्याचा दणकटपणा काय कामाचा?

वीस-बावीस वर्षांपूर्वी, कायद्याचा विद्यार्थी असताना, मीही कड्यावर छिद्रे पाडली आहेत. छिन्नी आणि हातोडा घेऊन. एकेका छिद्राला अर्धा अर्धा तास लागे. एका संध्याकाळी हात गळून गेले होते, उजेड सरत होता. छिद्र थोडे उथळ राहिले. आतली भुकटीही मी नीट काढली नाही. दुसऱ्या दिवशी मित्राचा भार येताच तो बोल्ट हलत्या दातासारखा निघून आला. खालच्या बोल्टने मित्राला तारले. घोटा मात्र मोडला. त्याने मला कधी दोष दिला नाही. आजवर न्यायालयात मी अनेकांची बाजू मांडली. त्या छिद्राची बाजू मला अजून मांडता आलेली नाही.

म्हणून रोटरी हॅमरबरोबर दुसरी बॅटरी, भुकटी काढायला बारीक ब्रश आणि एक फुंकणी मी आग्रहाने घेतली. यंत्र दमत नाही, माणूस दमतो. आणि घाई दमलेल्यालाच होते.

पण मनात दुसरेही भय होते. अर्ध्या तासाचे कष्ट समोर असले, की हे छिद्र खरेच हवे का, असा प्रश्न हात आपोआप विचारी. यंत्राला मिनिटभर पुरते. वेरूळचे कैलास लेणे वरून खाली कोरीत आणले. तिथे चुकून उडालेला दगड पुन्हा बसविण्याची सोय नव्हती. हुकूमनाम्यावर अपील असते, कातळातल्या छिद्रावर नसते. शिवाय १९५८ च्या केंद्रीय कायद्यानुसार संरक्षित स्मारकास इजा करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. आम्हांला जवळचा साल्हेर तर २०२५ साली जागतिक वारशाच्या यादीत गेला. तेव्हा भाच्याकडून मी दोन वचने घेतली: गडाच्या तटा-बुरुजांना, लेण्यांना आणि देवळांना हे यंत्र लावायचे नाही, आणि कड्यावरही आधी कातळ ठोकून ऐकायचा. बद्द आवाज आला तर तिथून हात काढायचा.

घरी आल्यावर आईने यंत्र देवघरापुढे ठेवून त्याला हळदकुंकू लावले. टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही, हे तिचे आवडते वाक्य. पण घाव घालणाऱ्यानेही काही सोसावे लागते, हे त्या म्हणीत सांगायचे राहूनच गेले आहे.

निघताना भाचा म्हणाला, “मामा, तुझी ती जुनी छिन्नी कुठे आहे? बॅटरी संपली तर असू दे.”

मी ती माळ्यावरून काढून दिली. तिच्याविषयीची हकीकतही, प्रथमच, त्याला सांगितली.