पंचाने दाद कुणाकडे मागायची?

जानेवारी २०२१ मध्ये सिडनीच्या कसोटीत हैदराबादचा मोहम्मद सिराज सीमारेषा सोडून आत आला. प्रेक्षकांतून आपल्याला काय काय ऐकवलं जातंय, हे त्याने कप्तान अजिंक्य रहाणेला आणि पंचांना सांगितलं. पंचांनी खेळ थांबवला, पोलीस त्या भागात गेले, सहा जणांना मैदानाबाहेर काढण्यात आलं आणि खेळ पुन्हा सुरू झाला. या प्रसंगावर सिराजच्या बाजूने खूप लिहिलं गेलं, ते योग्यच होतं. मला मात्र त्यातला एक साधा क्रम महत्त्वाचा वाटतो. शिवी खेळाडूला बसली, खेळाडू पंचाकडे गेला आणि पंचाने यंत्रणा हलवली. तीच शिवी पंचाला बसली असती तर तो कुणाकडे गेला असता? सिडनीत या प्रश्नाला निदान काही उत्तर आहे, कारण तिथे सामनाधिकारी असतो, सुरक्षारक्षक असतात, कॅमेरे असतात. आदिलाबाद जिल्ह्यातल्या नेरडीगोंड्यासारख्या गावी, नागपूर-हैदराबाद महामार्गाच्या कडेला फक्कीने आखलेल्या कबड्डीच्या मैदानावर, शिट्टी बहुधा शाळेच्या पीईटी सरांच्या गळ्यात असते. तिथे प्रेक्षक आणि रेषा यांच्यात हातभराचंही अंतर नसतं. चढाई करणाऱ्याच्या बोटाचं नख बचावपटूच्या बाहीला लागलं की नाही, हे सरांनी ठरवायचं. आणि ते चुकीचं ठरवलं असं वाटणारी माणसं त्यांच्या पाठीमागेच उभी. तेलुगू, मराठी, गोंडी, लंबाडी, उर्दू, ज्याला जी येते त्या भाषेत ती बोलतात, आणि शिवी समजायला भाषा यावीच लागते असंही नाही.

पंचांना यावर पिढ्यान्‌पिढ्या एकच सल्ला मिळत आला आहे: कानाडोळा करा. एका कानाने ऐका, दुसऱ्याने सोडून द्या, कातडी जाड ठेवा. सल्ला देणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो, पण त्यात एक गृहीतक लपलेलं आहे. आवाज पंचाच्या मनाला लागतो, निकालाला लागत नाही. म्हणजे मन घट्ट केलं की काम झालं. हे गृहीतक टिकत नाही. इंग्लंडमध्ये नेव्हिल, बाल्मर आणि विल्यम्स या संशोधकांनी ४० प्रशिक्षित फुटबॉल पंचांना एकाच सामन्यातल्या ४७ झटापटींचं चित्रीकरण दाखवलं; काहींना गर्दीच्या आवाजासह, काहींना मूक. २००२ मध्ये छापून आलेला निष्कर्ष असा की, आवाज ऐकणाऱ्यांनी यजमान संघाविरुद्ध सुमारे साडेपंधरा टक्के कमी फाउल दिले. चित्र तेच, नियम तेच, आणि पंच आपापल्या जागी सुरक्षित बसलेले. पुढे कोरोनाच्या काळात रिकाम्या मैदानांवर फुटबॉल सुरू झाला, तेव्हा युरोपातल्या अनेक लीगमध्ये पाहुण्या संघाला जास्त कार्डं मिळण्याची जुनी सवय बरीच ओसरलेली दिसली. म्हणजे ज्या पंचाला आपण खंबीर म्हणतो, तोही आवाज पचवताना निकालात थोडा झुकतो, आणि ते त्याला स्वतःला कळत नाही. मग ‘दुर्लक्ष करा’ हा सल्ला पंचाला वाचवतो की गर्दीला हवं ते गुपचूप मिळवून देतो?

इथे कुणी म्हणेल, गर्दी उगाच ओरडत नाही, तिला दिसतं म्हणून ती ओरडते. मला याबद्दल दाट शंका आहे. नोव्हेंबर १९६९ मध्ये मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर भारत-ऑस्ट्रेलिया कसोटी चालू होती. खेळपट्टीवर अजित वाडेकर आणि वेंकटराघवन होते. पंच शंभू पान यांनी वेंकटराघवनला यष्टिरक्षकाकडे झेलबाद दिलं. चेंडू बॅटला लागला की नाही हे दूरच्या स्टँडमधून दिसणं शक्यच नव्हतं. पण प्रेक्षकांच्या कानाशी ट्रान्झिस्टर होते, आणि आकाशवाणीच्या समालोचकाने निर्णयाबद्दल शंका बोलून दाखवली. तेवढं पुरलं. बाटल्या फेकल्या गेल्या, खुर्च्या पेटल्या, मैदानावर इतका धूर झाला की गुणलेखकाला खेळ दिसेना. ज्यांनी काहीच पाहिलं नव्हतं ते सगळ्यांत जास्त खात्रीने चिडले होते. ट्रान्झिस्टरची जागा आता मोबाइलने घेतली आहे एवढंच. मोबाइलवर निदान चित्र तरी दिसतं, असं म्हणावं तर चित्रही कुणीतरी निवडलेलं, कापलेलं आणि संथ केलेलं असतं.

कुस्तीत हे फार ठळकपणे दिसतं, आणि त्याला खेळाचा स्वभावही कारणीभूत आहे. आपल्याकडच्या यात्रा-जत्रांच्या मैदानात कुस्ती निकाली असते. पाठ लागली की कुस्ती संपली, आणि पाठ लागल्याचं फडाभोवती बसलेल्या हजारोंना एकदम दिसतं. तिथे पंच म्हणजे जवळपास साक्षीदार. गुणांच्या कुस्तीत तसं नाही. प्रतिस्पर्ध्याला खाली घेतलं तर दोन गुण, डाव टाकून त्याला थेट पाठीच्या धोक्यात नेलं तर चार. दोन आणि चार यांच्यात खांदा किती अंशात वळला एवढाच फरक, तोही पापणी लवायच्या आत घडणारा. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात महाराष्ट्र केसरीच्या माती विभागाच्या अंतिम लढतीत महेंद्र गायकवाडने सिकंदर शेखवर बाहेरची टांग मारली. पंचांनी चार गुण दिले, आणि त्या चार गुणांवरून राज्यभर वाद पेटला. जो तो मोबाइलवर तो क्षण थांबवून पंच झाला. मारुती सातव या पंचांना फोनवरून धमकी आली आणि प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं. हा निर्णय काही एकट्याच्या मर्जीचा नसतो. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार आखाड्यातला पंच, बाजूचा पंच आणि मॅट चेअरमन अशी तिघांची रचना असते आणि दोघांचं एकमत लागतं. शिवाय प्रशिक्षकाला निर्णयाला आव्हान देता येतं, आणि ते फसलं तर प्रतिस्पर्ध्याला एक गुण जातो. म्हणजे शंका घ्यायची सोय नियमातच आहे, फक्त तिला किंमत आहे. शिवीला मात्र काहीच किंमत मोजावी लागत नाही. कुस्तीतली निम्मी अडचण मला इथेच दिसते.

यावरचा सगळ्यांत वजनदार आक्षेप असा: पंच खरंच चुकतात, कधी पक्षपातही करतात, त्यांना कुणी बोलायचंच नाही का? महाराष्ट्र केसरीच्याच पुढच्या इतिहासाने हा आक्षेप जिवंत ठेवला आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला शिवराज राक्षेला पृथ्वीराज मोहोळविरुद्ध चितपट ठरवण्यात आलं. गंमत बघा, वाद या वेळी गुणांचा नव्हता, पाठ टेकली की नाही याचाच होता. राक्षेने पंचांची कॉलर धरली, लाथ मारली. त्याच दिवशी अंतिम कुस्तीत पंचांवर रागावून गायकवाडने आखाडा सोडला, आणि दोघांना तीन वर्षांसाठी निलंबित करण्यात आलं. एका माजी महाराष्ट्र केसरीने तर पंचांना लाथ नव्हे, गोळ्या घालायला हव्या होत्या असं जाहीरपणे म्हटलं. पुढे चौकशी झाली आणि निकाल देणाऱ्या पंचावरही तीन वर्षांच्या निलंबनाची कारवाई झाली. काहींनी यातून असा अर्थ काढला की लाथ बरोबरच होती. मला उलट दिसतं. लाथेने निकाल बदलला नाही, गदा परत आली नाही. पंचाची चूक जी काही सिद्ध झाली ती चित्रीकरण शांतपणे पाहणाऱ्या समितीपुढे. लाथेने एकच साधलं, अन्याय झालेल्या मल्लाला तिने गुन्हेगारांच्या रांगेत उभं केलं. पंच चुकतो म्हणूनच त्याच्यावर दाद मागण्याची जागा हवी. आणि ती जागा जितकी कमकुवत, तितक्या मैदानावरच्या शिव्या वाढतात. कुस्तीगीरांच्या संघटनाच आपसात भांडून एकापेक्षा जास्त ‘महाराष्ट्र केसरी’ भरवू लागल्या, तर पंचाच्या निर्णयामागे नेमकं कुणाचं वजन उभं आहे हे प्रेक्षकाने कसं ओळखावं?

दुसरा आक्षेप हलका, पण लोकप्रिय आहे. ओरडणं हाच खेळाचा रंग. मैदान म्हणजे देवघर नव्हे. हे मला मान्य आहे, अगदी मनापासून. ‘पंच, चष्मा लावा’ या आरोळीने कुठल्याच पंचाचं काही बिघडलेलं नाही, आणि ती आरोळी नसलेलं मैदान मलाही आवडणार नाही. पण ती आरोळी निर्णयाबद्दल असते. आईवरून, जातीवरून, तांड्यावरून किंवा गुड्यावरून दिलेली शिवी निर्णयाबद्दल नसते. निर्णय हे तिचं निमित्त असतं. आदिलाबादसारख्या मिश्र वस्तीच्या जिल्ह्यात पंचाचं आडनाव कळलं की त्याचा निर्णय आधीच वाचला जातो. तो आपल्यातला असेल तर पक्षपाती, त्यांच्यातला असेल तरीही पक्षपाती. अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला चारचौघांत जातीवरून शिवीगाळ करणं हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, आणि शिट्टी गळ्यात अडकवल्याने कुणी त्या कायद्याबाहेर जात नाही. तरी गावच्या स्पर्धेत असा पंच तक्रार करायला जाईल का, हा वेगळा प्रश्न. सोमवारी त्याला त्याच लोकांची मुलं शिकवायची असतात.

मग पंचाने करावं तरी काय? उलट शिवी देणारा पंच त्या क्षणी तिसरा संघ होतो. भरपाई म्हणून पुढचा गुण दुसऱ्या बाजूला देणारा पंच दोन चुका करतो. आणि कधी कधी पंच सरळ निघून जातो: स्वीडनचे अँडर्स फ्रिस्क यांनी चेल्सी-बार्सिलोना सामन्यानंतर आलेल्या जिवाच्या धमक्यांमुळे मार्च २००५ मध्ये पंचगिरीच सोडली. राहतो एक मार्ग, आपला निर्णय कसा झाला हे सगळ्यांना दिसू देण्याचा. शिट्टीनंतर दोन श्वास थांबणं, हाताची खूण स्पष्ट करणं, सगळ्यांसमोर बाजूच्या पंचाला विचारणं, आणि गुणलेखकाने लिहिलेलं मोठ्याने वाचून घेणं. ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारत-इराण कबड्डीचा अंतिम सामना पवन सेहरावतच्या एका चढाईवरून, राखीव क्षेत्राच्या नियमाच्या वाचनावरून, जवळजवळ तासभर अडला होता. खेळाडू मैदानातच बसले, गुण बदलत राहिले. नियम सगळ्यांना पाठ होते; नेमका कोणता लागू आहे हे ठामपणे सांगणारा आवाज नव्हता.

पण तो आवाज पंचाच्या घशातून येईल अशी अपेक्षा करणं म्हणजे पुन्हा सगळा भार त्याच्याच खांद्यावर टाकणं. पाचामुखी परमेश्वर म्हणताना आपण निदान पाच माणसं गृहीत धरली होती. गावच्या मैदानावर मुख एकच उरलं आहे. शिव्या सुरू झाल्या की खेळ थांबवण्याचं काम पंचाचं नसावं, स्पर्धा भरवणाऱ्यांचं असावं: ज्यांनी वर्गणी जमवली, मंडप घातला, ज्यांचा फोटो बॅनरवर आहे, त्यांनी माइक हातात घ्यावा. फुटबॉलमध्ये वंशद्वेषी घोषणांसाठी तीन पायऱ्या ठरलेल्या आहेत: थांबवा, तहकूब करा, रद्द करा. नेरडीगोंड्याच्या स्पर्धेला पहिली पायरीही पुरे. माइकवरून एकदा सांगायचं, की रेषेवरचे लोक चार पावलं मागे सरेपर्यंत पुढची चढाई होणार नाही. चार पावलं मागे सरायला किती वेळ लागतो ते मोजायला घड्याळ लागत नाही. तोवर सरांना तोंडातली शिट्टी काढून घोटभर पाणी पिता येईल.